ॲक्सिलरेटरवरचा पाय

सातारा,
४ ऑगस्ट २०२४

ती. आबा,
नमस्कार.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही. वीरधवलच्या मोबाईलवर लिहून पाठवलं तर आधी तो वाचतो, मग वहिनी वाचते, आणि तुमच्यापर्यंत ‘ताई बरी हाय’ एवढंच पोचतं. म्हणून पत्र. तुम्ही पठाणकोटहून आईला लिहायचात तसं.

विषय फियाटचा आहे. गाडी आमच्याकडे सोडून जाताना तुम्ही सांगितलं होतं की रविवारी थोडा वेळ चालू करत जा, इंजिन बसलं की बिघडतं. ते आम्ही पाळतो. पण गेल्या महिन्यापासून आतून काहीतरी ठोकल्यासारखा आवाज येतो. इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन खाली बघतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो खिशात हात घालून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, इंजिन गेलं. भंगारात घाला.” मी म्हटलं, वडिलांना विचारते, ते मिलिटरीत मेकॅनिक होते. तर म्हणतो, “मग त्येंनाच ऐकवा की.” तुम्हाला ऐकू येत नाही हे त्याला सांगायचा मला कंटाळा आला.

मला इंजिनातलं काही कळत नाही. तुम्ही विचाराल ते बघून लिहीन.

वीरधवलचं बंगळूरचं दिवाळीनंतर नक्की आहे का? तुम्हाला तिथलं काय मानवणार? इथे या असं मी मागेही म्हटलं होतं. इकडे सगळं ठीक. हे कामात असतात.

तुमची
रेश्मा

*

सांगली,
९ ऑगस्ट २०२४

चि. रेश्मा,
आशीर्वाद.

गाडी भंगारात घालू नको. खिशात हात घालून इंजिन ऐकणाऱ्या माणसाला काम नको असतं.

आत काय आहे ते आधी तुला कळलं पाहिजे. नाहीतर तू आवाज लिहिशील आणि मला काही दिसणार नाही. तुझ्या आईचं शिलाई मशीन आठव. पाय पायट्यावर वर-खाली होतो आणि चाक गोल फिरतं. मधली लोखंडी दांडी वर-खालीचं गोल करते. इंजिनात तेच आहे. पाय म्हणजे पिस्टन. चार नळ्यांत चार पिस्टन. वर पेट्रोल पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो, त्याला जोडलेली दांडी म्हणजे कनेक्टिंग रॉड, आणि ती दांडी खालचा वाकडातिकडा क्रँक फिरवते. गाडी त्या क्रँकवर चालते.

क्रँकवरून एक साखळी जाते, ती कॅमशाफ्टला फिरवते. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे आहेत. उंचवटा आला की टॅपेट वर उचलला जातो, तो एका सळईला ढकलतो, सळई वरच्या रॉकरला. रॉकर म्हणजे तराजूची दांडी समज. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. एकातून पेट्रोल आणि हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर.

आता आवाज. वर टिकटिक येत असेल तर ते टॅपेट, चिंता नको. मधल्या भागात इंजिन थंड असताना आवाज येऊन तापल्यावर कमी होत असेल तर पिस्टन ढिला आहे, अजून चालेल. खाली जड ठोका असेल तर वाईट.

लांब स्क्रू-ड्रायव्हर घे. टोक इंजिनला, मूठ कानाच्या हाडाला लाव. पदर खोचून घे, पंख्यापासून लांब राहा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. विश्वजितना आत बसव. त्यांनी रेस हळूहळू चढवायची, जरा धरायची आणि पाय एकदम सोडायचा. आवाज चढताना येतो की सोडताना, ते लिही.

बंगळूरचं नक्की आहे. वीरधवल मोबाईलवर लिहून दाखवतो, “आबा, तितं लिफ्ट हाय, बाग हाय.” लिफ्टशी मी काय बोलणार? पण तुझ्याकडे यायचं काढू नको. दोन दिवस पाहुणा म्हणून येईन. जावयाच्या घरात म्हातारपण काढणार नाही. माझ्या बापाने काढलं नाही, मीही काढणार नाही. विश्वजित चांगले आहेत, म्हणून तर.

आबा

*

सातारा,
१८ ऑगस्ट २०२४

ती. आबा,
नमस्कार.

सांगितलंत तसं केलं. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावल्यावर मी दचकलेच. बाहेरून एकच गोंगाट वाटतो आणि आत इतकी वेगवेगळी कामं चाललेली असतात. हे गाडीत बसले होते.

वर टिकटिक आहे, घड्याळासारखी बारीक. मध्ये विशेष काही नाही. खाली मात्र ठोका आहे. लाकडाच्या उखळात मुसळ पडावं तसा जड, मऊ. चढताना कमी येतो. पाय सोडला की सलग पाच-सहा येतात आणि मग लपतात. रेस एकदम चढली, गाडी थरथरली आणि बंद पडली. असं दोनदा झालं, म्हणून पहिल्यापासून करावं लागलं. समोरचा लाल दिवा इंजिन तापल्यावर मिणमिणतो.

तुम्ही पाहुणा म्हणून यायचं लिहिलंत. ते वाचून पत्र घडी करून ठेवलं. शाळेत चाचणी परीक्षा आहेत, पेपरांचे गठ्ठे घरी येतात. संध्याकाळी त्यांच्याकडे बघूनच मी दमते.

रेश्मा

*

सांगली,
२३ ऑगस्ट २०२४

चि. रेश्मा,
आशीर्वाद.

तू चांगलं ऐकलंस. उखळातलं मुसळ लिहिलंस ते मला नीट ऐकू आलं.

कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला धरतो तिथे मधे बेअरिंग असतं, मऊ धातूची दोन अर्धगोल पानं. पण गंमत अशी की इंजिन चांगलं असतं तेव्हा क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना लागतच नाहीत. मधे तेलाचा थर असतो, केसापेक्षा बारीक. पंप खालून तेल दाबून पाठवतो आणि सगळा भार त्या तेलावर तरंगतो. पान झिजलं की फट वाढते, तेल निसटून जातं, दाब पडतो म्हणून लाल दिवा मिणमिणतो, आणि लोखंड लोखंडावर आपटतं. काही लोक तिथे जाड तेल घालतात. आवाज दबतो आणि गाडी गिऱ्हाईकाच्या गळ्यात जाते. तू तसलं काही करू नको.

चारांतलं कुठलं बेअरिंग ते आता शोधायचं. पिस्टनची कामं चार. ओढणं, दाबणं, पेटणं, सोडणं. पेटल्यावर तेवढा जोर मिळतो, बाकीची तीन कामं फुकटची ओझी. म्हणून चार पिस्टन पाळीपाळीने पेटतात. एक पेटला की तो उरलेल्या तिघांना ओढतो. थोड्या वेळाने त्याला दुसरे ओढतात.

गाडी चालू ठेवून ठिणगी पाडणाऱ्या एका प्लगची वायर काढायची. हाताने नको, रबरी मुठीच्या पक्कडीने. तो पिस्टन पेटायचा थांबेल. ज्याची वायर काढल्यावर ठोका कमी होईल, त्याचं बेअरिंग गेलं. आणखी एक. ज्याची वायर काढली तरी इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता असं समज. वायर लावताना विश्वजितना रेस एकसारखी धरायला सांग.

इथे सामान बांधायला सुरुवात झाली. माझी हत्यारांची पेटी कुठे ठेवायची यावर रोज चर्चा होते. मला ऐकू येत नाही, पण पेटीकडे बोट गेलेलं दिसतं.

आबा

*

सातारा,
२२ सप्टेंबर २०२४

ती. आबा,
नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला. कारण असं काही नाही. रविवार येत होते आणि मी पडून राहत होते. गाडीची चावी खिळ्यावर दिसायची.

आज केलं एकदाचं. एक, दोन आणि चार नंबरला ठोका तसाच राहिला. तीन नंबरची वायर काढली आणि तो निम्म्यावर आला. परत लावली, परत आला. तेव्हा तीन नंबर.

काहीच फरक पडत नाही असा एकही निघाला नाही. कुठलीही वायर काढली की इंजिन लंगडत होतं. तुमचं ते वाक्य मी महिनाभर डोक्यात घेऊन फिरत होते. मला वाटलं होतं एखादा तरी तसा निघणार.

मध्येच रेस इतकी चढली की मी पक्कड टाकून मागे पळाले. मग गाडी बंद पडली. मग परत. तासभर त्यातच गेला. हातांना अजून पेट्रोलचा वास येतोय आणि धुवायला उठवत नाही.

तुमचं सामान भरून झालं का?

रेश्मा

*

सांगली,
२७ सप्टेंबर २०२४

चि. रेश्मा,
आशीर्वाद.

तीन नंबरचं बिगएंड, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग गेलं आहे. आता गाडी अजिबात चालू करू नको. रॉड तुटला तर इंजिनची कूस फोडून बाहेर येतो. उघडावंच लागेल.

हे इंजिनाचं झालं. आता दुसरं लिहितो, नीट वाच.

तुझी दोन्ही पत्रं मी समोर ठेवली आहेत. दोन्हीत रेस एकदम चढते आणि गाडी बंद पडते. विश्वजितना त्या गाडीचा पाय मी शिकवला. पायाखाली अंडं आहे असं समजून दाबा म्हटलं होतं, तर त्यांनी असा पाय धरला की मी बाहेरून बोनेटवर हात ठेवला तरी थरथर कमीजास्त झाली नाही. तसा पाय मी युनिटमध्येही थोड्यांचाच बघितला. त्या माणसाच्या पायाखाली गाडी दोनदा बंद पडते, पुन्हा महिन्याने तशीच पडते, तेव्हा दोष गाडीत नाही. पायात आहे.

आमच्या युनिटमध्ये बिराप्पा नावाचा ड्रायव्हर होता, अथणीकडचा. असाच धक्के द्यायला लागला. आम्ही त्याला हसायचो. “काय रं गड्या, बैलगाडी हाकतुयास?” नंतर कळलं, साखर वाढून तळपायाची जाणीवच गेली होती. पेडल कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं.

विश्वजितना साखर निघाली आहे का? का दुसरं काही? तू लपवते आहेस हे मला दिसतं. आधी या या म्हणायचीस, आता म्हणत नाहीस. घरात आजारी माणूस असलं की बाई अशीच लिहिते, दमल्याचं लिहिते आणि कशाने ते लिहीत नाही. तुझी आई तशीच लिहायची.

पुढच्या रविवारी वीरधवल मला घेऊन येतो. आजारी जावयाला बघायला जाणं म्हणजे त्याच्या घरी राहणं नव्हे. गरज लागली तर मी त्यांच्या उशापायथ्याशी बसेन, तुला झोप मिळेल. बंगळूर नंतर बघू. वीरधवलला अजून कारण सांगितलं नाही. तू लिहिलंस की सांगेन.

आबा

*

सातारा,
१ ऑक्टोबर २०२४

आबा,

विश्वजितच्या पायाला काही झालेलं नाही. तो पाय शालूबाईंचा होता.

शालूबाई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात. त्यांना आत बसा म्हटलं तर म्हणाल्या, “आवं ताई, मी न्हाई बसायची तितं. सायबांची जागा हाय ती.” मी म्हटलं, साहेब काही आता येत नाहीत. तर म्हणाल्या, “म्हून काय झालं? जागा हाय न्हवं?” शेवटी दार उघडून खाली फरशीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी पेडल दाबलं, भाकरीचं पीठ मळतात तसं. “दाबू का? सोडू का? आता काय करू?” मला स्क्रू-ड्रायव्हरमधून ठोका ऐकू येत होता आणि दुसऱ्या कानाने शालूबाई. तुम्ही त्यावरून विश्वजितला साखर लावलीत हे वाचून मी आधी हसले. खूप हसले. मग तुम्ही त्याच्या पायथ्याशी बसायला निघाला आहात हे पुन्हा वाचलं.

विश्वजित फेब्रुवारीपासून ठाण्याला राहतो. बदली झाली नाही, त्याने मागून घेतली. तिथे कोणी आहे. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मी तुम्हाला तेव्हाच कळवलं असतं, सांगायला काही तरी असतं. तो सामान घेऊन गेला आणि मी त्या दिवशी शाळेत गेले. संध्याकाळी येऊन कपडे वाळत घातले. तेव्हापासून मी रोज तेच करते आहे.

‘हे कामात असतात’, ‘हे गाडीत बसले होते’ असं मी लिहीत राहिले. ते लिहिताना बरं वाटायचं असं नाही. खरं लिहायला जास्त ताकद लागते, तेवढंच.

आणखी एक आहे आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. तुम्हाला कळलं की तुम्ही इकडे येणार, हे मला ठाऊक होतं. तुम्ही बंगळूरला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या लिफ्टमध्ये तुम्ही उभे आहात असं मला दिसतं. पण आबा, आणखी एका माणसाचं करायला माझ्यात बळ नाही. दोनदा चहा, वेळेवर जेवण, औषध घेतलं का, पाणी तापलं का. मी चोवीस वर्षं एका माणसाचं केलं. आता संध्याकाळी भात उकडून घेते आणि त्यात दही कालवते, आणि कोणी बघत नाही याचं मला सुख होतं. लाज वाटते लिहायला. म्हणून तुम्ही ‘जावयाच्या घरी येणार नाही’ म्हणालात तेव्हा मी वाद घातला नाही.

रविवारी येऊ नका. वीरधवलला सांगितलंत तरी चालेल.

रेश्मा

*

सांगली,
७ ऑक्टोबर २०२४

चि. रेश्मा,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी गच्चीत जाऊन बसलो. विश्वजितबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही. कागदावर तसलं लिहू नये. ठाण्याला जाऊन त्यांच्यासमोर उभं राहावं असं दोन दिवस डोक्यात होतं. मग वाटलं, ते बोलतील आणि मला ऐकू येणार नाही. गेलो नाही.

मी पाय वाचला आणि माणूस चुकीचा काढला. माझी नजर इंजिनापलीकडे फार जात नाही. तुझी आई असती तर तिने पहिल्या पत्रालाच ओळखलं असतं.

तू लिहिलंस की आणखी एका माणसाचं करायला बळ नाही. मला त्याचा राग आला नाही. मी तुला आता माझ्या बाजूचं सांगतो. आई गेल्यापासून या घरात माझं सगळं केलं जातं. मी गॅसजवळ गेलो की तुझी वहिनी धावत येते, कारण मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. दूध उतू गेलेलं कळत नाही. म्हणून ताट हातात, पाणी हातात, गोळी हातात. माणसं चांगली आहेत. पण चोवीस वर्षं युनिटमध्ये स्वतःचे कपडे धुतलेल्या माणसाला हे फार जड जातं. केलेलं घेऊन घेऊन मी दमलो आहे. तू करून दमलीस. दोघांचं दुखणं एकच आहे का ते मला ठरवता येत नाही.

मला चहा येतो. पिठलं येतं, भाकरी येत नाही. दूध तापवताना मी भांड्याजवळ उभा राहतो, हलत नाही. दाराची बेल वाजली तर उघडणार नाही, तेवढं तुला सोसावं लागेल.

जावयाच्या घरात राहणार नाही हे माझं बोलणं मी मागे घेत नाही. पण ते घर आता कोणाचं आहे ते तू मला लिही. तुला एकटं राहायचं असेल तर तसंही लिही. मी बंगळूरला जाईन आणि तिथून पत्र लिहीन. त्यात तुझ्यावर रुसलेलं काही असणार नाही.

गाडीचं विचारशील तर, उघडल्यावर कान लागत नाहीत. रॉड धरून वर-खाली हलवला की ढील तळहाताला कळते. क्रँकला ओरखडे पडले असतील तर कराडला ग्राइंडिंगला, म्हणजे घासून गुळगुळीत करायला, द्यावा लागेल. घाई नाही.

आबा

*

सातारा,
२० ऑक्टोबर २०२४

ती. आबा,
नमस्कार.

उत्तर लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले. मला स्वतःला विचारून बघायचं होतं, आणि विचारलं की आतून कोणी लवकर बोलत नाही.

घर माझं आहे.

या. पण आधी सांगून ठेवते. सकाळी शाळेला जाईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. संध्याकाळी कधी स्वयंपाक करेन, कधी करणार नाही. माझा चेहरा वाईट असेल तेव्हा तो तुमच्यावर नाही असं समजायचं आणि कारण विचारायचं नाही. शालूबाई तुमच्याशी मोठ्याने बोलतील, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल. त्या आतापासूनच म्हणायला लागल्यात, “आबा येत्यात ते बरं हाय. पर ते गाडीचं मला परत सांगू नका.”

जमलं नाही तर दोघांनीही लिहून सांगायचं. बोलण्यापेक्षा आपल्याला ते बरं जमतं.

पेटी घेऊन या. ठेवायला जागा आहे.

रेश्मा

*

सातारा, घरीच,
मंगळवार, सकाळ

रेश्मा,

तू उठली नाहीस. गजर वाजला असेल, मला कळलं नाही. शालूबाईंनी तुझ्या खोलीत डोकावून मला हातानेच सांगितलं की गाढ झोपली आहे. उठवू का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी शाळेत फोन करून आज येणार नाही म्हणून कळवलं आहे. हे मी तुला न विचारता केलं. राग आला तर लिही.

पिठलं झाकून ठेवलं आहे. भाकरी शालूबाईंची.

मी खाली पार्किंगमध्ये आहे. गॅरेजवाल्याने काल इंजिन उतरवून लाकडी ओंडक्यांवर ठेवून दिलं. वरचं हेड आणि खालचं तेलाचं चेंबर मी काढलं आहे. आज तीन नंबरचा रॉड सोडवायचा होता. त्याची खालची टोपी जाम बसली आहे, हातोडीने ठोकल्याशिवाय सुटणार नाही. मला ते ऐकू येणार नाही, पण लोखंडावर हातोडी पडली की वरच्या खिडकीत काय पोचतं ते मला माहीत आहे.

तेव्हा आज ठोकत नाही. नट-बोल्ट रॉकेलने पुसत बसलो आहे. त्याला आवाज होत नाही.

आबा